माळावरचे पर्यटक

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत दोन साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि एका माळाचा नकाशा होता. नकाशात तो माळ लालभडक होता. आमच्या धंद्यात लाल म्हणजे गर्दी, आणि गर्दी म्हणजे आनंद. फक्त ही गर्दी तिथे कशासाठी जमते ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मला पाठवलं होतं.

मी नेमकं काय काम करते हे आमच्या नातेवाइकांना अजून नीट कळलेलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. सांगते. एखाद्या जागी माणसं किती येतात, कुठून येतात, किती वेळ थांबतात, हे आम्ही मोबाइलच्या टॉवरवरून काढतो. फोन खिशात असला की तो जवळच्या टॉवरशी गुजगोष्टी करत राहतो, तुम्ही बोला नाहीतर बोलू नका. नाव कळत नाही, नंबर कळत नाही. या टॉवरखाली इतके फोन, त्यांतले इतके इथले आणि इतके बाहेरचे, एवढंच कळतं. इथला कोण आणि बाहेरचा कोण, हे ठरवायचा नियमही साधा आहे. फोन महिन्यातल्या बहुतेक रात्री जिथे झोपतो ते त्याचं घर. घरापासून लांब कुठे दिवसभर रेंगाळला, की तो पाहुणा. अहवालात आम्ही त्याला पर्यटक म्हणतो.

तर असे पर्यटक बेळगावच्या पश्चिमेला, उचगावच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेल्या एका माळावर गेले काही आठवडे मंगळवार आला की उगवत होते. पहाटे यायचे, दिवसभर थांबायचे, सूर्य मावळला की नाहीसे व्हायचे. बाकी वारी चिटपाखरू नाही. तिथे किल्ला नाही, धबधबा नाही, साधं देऊळ नाही. आणि यंत्राच्या मते हे सगळे राज्याची हद्द ओलांडून आलेले.

"मॅडम, हे कुणाला माहीतच नसलेलं ठिकाण आहे," आमचा साहेब म्हणाला. साहेब म्हणजे निनाद, माझ्या मुलाच्या वयाचा, गुणी पोरगा. सीमाभागातल्या पर्यटनाचा आराखडा करणाऱ्या एका खासगी कंपनीला नव्या जागांची यादी हवी होती. यादीत नाव गेलं की माळाला कुंपण, कमान, गाड्या लावायला जागा आणि तिकिटाची खिडकी. "तुम्ही तिकडच्याच ना? एकदा बघून या. तुम्ही हो म्हणालात की टाकतो यादीत."

मी तिकडचीच. त्या माळाखालचं गाव माझ्या वडिलांचं. गावाचं नाव इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेल. वडील बेळगावात शाळामास्तर होते, त्यामुळे आम्ही शहरात वाढलो आणि गावी सुट्टीपुरते गेलो. त्या माळावर मी करवंदं खाल्ली आहेत, पडले आहे, गुडघे फोडून घेतले आहेत. तिथे तिकीट काढून कोण कशाला येईल, हे मात्र मला काही केल्या सुचेना.

निपाणी

सोमवारी दुपारी निपाणीला उतरले. सरळ बेळगाव गाठता आलं असतं, पण निपाणीत भूपाल आहे. कॉलेजात माझ्या वर्गात होता. जैन घराणं, पिढ्यान्‌पिढ्यांचा तंबाखूचा व्यापार, आता हद्दीजवळ ऊसही. पूर्वी कोल्हापूरकडून येताना गाडी निपाणीच्या जवळ आली की तंबाखूचा खाट नाकात जायचा आणि अर्धी एसटी शिंकायला लागायची. झोपलेल्यालाही कळायचं, निपाणी आली. आता रस्ता गावाबाहेरून जातो, खिडक्यांना काचा घट्ट, आणि कुठे आलो ते फोन सांगतो. मी मुद्दाम काच सरकवून बघितली. वास आला नाही. जरा वाईट वाटलं.

"आलीस व्हय?" भूपाल दारातच म्हणाला. "पाय धू आन पानावर बस. सूर्य काय तुझ्यासाठी थांबणार न्हाय."

त्यांच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण. पुण्यात मी ज्या वेळी चहा पिते त्या वेळी माझ्यापुढे ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी आणि लसूण नसलेली शेंगांची चटणी आली. लसणावाचून चटणी कसली, असं मी कॉलेजात त्याच्या डब्यावर बोट ठेवून म्हणत असे आणि मग अर्धी चटणी मीच संपवत असे. तसंच झालं. वहिनींनी न विचारता दुसऱ्यांदा वाढली.

जेवणं झाल्यावर उजेड होता तोवर भूपालनं मला शेतावर नेलं. "तुझ्या धंद्यातली एक वस्तू दावतो," म्हणाला. बांधाच्या पलीकडे, दुसऱ्याच्या उसाच्या कडेला, बसून बसून गुळगुळीत झालेला एक दगड होता.

"आमच्या अण्णांचा टेलिफोन," तो म्हणाला.

रोमिंगचे दिवस आठवतात का? राज्य बदललं की आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. भूपालच्या वडिलांचा व्यापार सगळा कोल्हापूरशी, त्यामुळे नंबर तिकडचा. शेत कर्नाटकात. बांधाच्या अलीकडे कर्नाटकचा टॉवर लागायचा, बांध ओलांडून उसात गेलं की महाराष्ट्राचा.

"फोन वाजला की अण्णा आधी पायात चप्पल घालायचे," भूपाल सांगत होता. "उचलायचे न्हाईत. बांधापतोर पळायचे, पलीकडं गेल्यावर 'हॅलो'. शेजारी दोन-चार म्हैने बघत ऱ्हायला. मग एक दिवस त्यानंच ह्यो दगड आणून टाकला. म्हणाला, अण्णा, बसून बोला, धाप लागतीया तुमास्नी."

मी दगडावर बसले. माझा फोन थरथरला. बसल्या जागी 'आपले स्वागत आहे' म्हणून संदेश आला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

"आता रोमिंग गेलं," भूपाल म्हणाला. "अण्णाबी गेले. दगड हाय. शेजारी नांगरताना त्येच्या भवतीनं नांगरतोय."

आम्ही दोघं त्या दगडाजवळ अंधार पडेपर्यंत कॉलेजातल्या लोकांची उणीदुणी काढत बसलो. निघताना मी त्याला माझ्या लाल माळाचं कोडं घातलं. त्यानं थोडा विचार केला आणि मिशीतल्या मिशीत हसला. "मंगळवारीच म्हणतीस न्हवं? मग सांगत न्हाय. जा, सोताच्या डोळ्यांनी बघ."

बेळगाव

बेळगावात मी आयुष्यात पहिल्यांदा लॉजमध्ये उतरले. आईनंतर आमचं घर विकलं गेलं, आता तिथे खाली औषधाचं दुकान आणि वर कसले तरी क्लास आहेत. काउंटरवरच्या माणसानं आधी कन्नडात विचारलं, मग माझा चेहरा बघून मराठीत आला. "बेळगाव बघायला आलाय काय? कुंदा घ्या जाताना. किल्ला बघा." त्यानं पर्यटकांना द्यायचा एक छापील कागदही हातात ठेवला. त्यावर माझ्या शाळेसमोरच्या तळ्याचा फोटो होता. मी शहाण्यासारखी "बरं" म्हटलं आणि खोलीत गेले. जिथे माझे दुधाचे दात पडले त्या गावात मला कुंदा घ्या म्हणून कुणीतरी सांगावं, याचा राग आला, आणि राग आला म्हणून हसूही आलं. शेवटी खव्याचा तो कुंदा घेतलाच, काकीसाठी.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. चुलत्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, आम्हीही. आप्पा जाऊन आता वर्षं झाली. मुलगा नोकरीपायी बाहेर, काकी गावातच, शेताला आणि शेजाराला धरून.

लहानपणी सुट्टी लागली की वडील मला बेळगावातून बसमध्ये बसवून द्यायचे. गावी कळवायची काही सोय नव्हती, आणि गरजही नव्हती. गावात उतरलं की पाराजवळ बसलेल्या बायका हटकायच्या, "कुणाची गं तू?" मी सांगायची, मास्तरांची. मग त्यांतली एक शेजारणीला ओरडून सांगायची, शेजारीण परसातून पलीकडे सांगायची, आणि मी वेशीतून घरापर्यंत चालत पोचायच्या आत काकीनं भातात मूठभर तांदूळ वाढवलेले असायचे. आत्ता आम्ही ज्याला यंत्रणा म्हणतो ती याहून फार वेगळी नाही. फक्त तिला भात लावता येत नाही.

मंगळवार

सकाळच्या बसनं निघाले. उचगाव मागे पडलं, तांबडी माती सुरू झाली, काजूचा मोहर सरून लहान लहान बोंडं धरलेली. रताळ्याचे वाफे मोकळे पडले होते. मी खिडकीला नाक लावून बसले होते.

कंडक्टरनं फाट्यावरच उतरवलं. "आज गाडी गावात जात न्हाय, बाई."

"का?"

"मंगळवार हाय की," तो म्हणाला आणि घंटी मारली.

चालत वेशीपाशी आले तर रस्त्यावर बाभळीच्या काट्यांच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. वर कडुलिंबाच्या डहाळ्यांचं तोरण. पलीकडे गाव उभं होतं, घरं, देऊळ, शाळा, सगळं जागच्या जागी, आणि आवाज अजिबात नाही. धूर नाही, कोंबडा नाही, कुत्रं नाही, कुणाचा रेडिओ नाही. अशी शांतता मी आमच्या गावात कधी ऐकली नव्हती. पहिला विचार वाईटच येतो माणसाच्या मनात.

आंब्याखाली एक म्हातारे काठी घेऊन बसले होते. राखणीला असावेत. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आत जायाचं न्हाय आज. कुणाची गं तू?"

किती वर्षांनी ऐकला तो प्रश्न! माझ्या पांढऱ्या केसांचाही त्यांनी मुलाहिजा ठेवला नाही. "मास्तरांची," मी म्हटलं. "आप्पांची पुतणी."

"व्हय व्हय. मग हितं काय करतीस? वर माळावर जा. समदं गाव तितंच हाय. लक्ष्मीची जत्रा आलीया न्हवं, वार पाळायचा हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि भूपाल मिशीत का हसत होता तेही कळलं.

आमच्या भागात गावदेवी लक्ष्मीची मोठी यात्रा कैक वर्षांनी एकदा भरते. यात्रेआधीचे काही मंगळवार गाव पाळणूक करतं. त्या दिवशी उजाडायच्या आत चुली विझवून, दारं ओढून, म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, गुरंढोरं, कोंबड्यासुद्धा घेऊन सगळ्यांनी गावाबाहेर पडायचं. दिवसभर गाव देवीचं. तिनं मोकळ्या गल्ल्यांतून हिंडावं, काय बघायचं ते बघावं. माणसाचा आवाज नको, केरसुणी नको, चुलीचा जाळ नको. दिवस मावळला की पूजा करून गाव परत आत येतं. कन्नड गावांतही हे आहे, ते त्याला होरबीडू म्हणतात. यात्रेला मी लहानपणी गेले होते, पण हे मंगळवार मला ऐकूनच माहीत, आणि ऐकलेलं पुण्यात विसरून गेले होते. मास्तरांच्या मुलीची मंगळवारची शाळा बुडणं शक्यच नव्हतं.

माळाची चढण चढताना मध्यावरच्या जांभळीपाशी फोन थरथरला. महाराष्ट्रात माझं स्वागत होतं. माळाची जमीन इकडची, पण खालच्या टॉवरला टेकडी आडवी येते आणि पलीकडचा टॉवर तोंडासमोर. म्हणजे सगळं गाव हातात पोरं नि डोक्यावर बोचकी घेऊन ही चढण चढत होतं, आणि जांभळीपाशी आलं की आमच्या यंत्रात परराज्यातून आलेला पर्यटकांचा लोंढा दिसत होता. मी जांभळीला टेकून एकटीच हसले. वरून शेळ्या घेऊन येणारी एक बाई थबकली आणि "बरं हाय न्हवं?" म्हणाली.

माळ भरून गेला होता. साड्या आणि ताडपत्र्या बांधून सावल्या केलेल्या, झाडाझाडाला झोळ्या, तीन दगडांच्या चुली, गुळाचा आणि ओल्या धुराचा वास. बैल एका अंगाला रवंथ करत होते. ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी लावून फोनांचा घोळका चार्ज होत होता. नकाशातला लाल रंग आता माझ्याकडे बघून "आली बघ मास्तरांची" म्हणत होता.

काकी कुठल्या झाडाखाली असेल हे शोधावं लागलं नाही. माझी बातमी माझ्या आधी पोचली होती.

"ये गं बाई, ये!" तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "मी म्हणतच हुतो, ही यायाची. जत्रा आलीया आन पोरगी यायची न्हाय, असं व्हईल व्हय?"

आमच्याकडे बायकाही "मी येतो, मी जातो"च म्हणतात. पुण्यात सुरुवातीला मला त्यावरून हसायचे, आणि हळूहळू मी ते बोलणं सोडून दिलं. काकीच्या तोंडून ते "म्हणतच हुतो" ऐकलं आणि काहीतरी हरवलेलं परत हाती लागल्यासारखं वाटलं. मी तिला खरं सांगू शकले नाही की मी यात्रेसाठी आले नव्हते, नकाशासाठी आले होते. पण जेवताना सांगावंच लागलं. पानात गव्हाची हुग्गी होती, गुळाची, वर खोबरं. भात, मसुराची आमटी, कैरीचं लोणचं. आजूबाजूचे पाच-सहा संसार आमच्या सावलीला येऊन बसले.

"तुम्ही सगळे पर्यटक आहात," मी म्हटलं, आणि टॉवरची गोष्ट सांगितली.

हशा पिकला. काकीच्या शेजारचे विठूअण्णा तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "अगं, मी जलमात गोवा बघितला न्हाय. सासुरवाडी सोडली तर कुठं गेलो न्हाय. आन मी पर्यटक? बायकू, ऐकलंस व्हय? आजपास्नं मला पर्यटक म्हण."

"दुसऱ्या राज्यातनं आलेलं," त्यांच्या बायकोनं भर घातली. "व्हिजा लागल काय गं ह्यास्नी?"

मग मी पुढचं सांगितलं. यादी. कुंपण, कमान, खिडकी. हसणं हळूहळू थांबलं. काकीनं हातातला भाताचा घास पानात ठेवला.

"मग पुढच्या जत्रंला आमी मंगळवारी कुठं जायाचं?" ती म्हणाली. "तिकीट काढून आत सोडतील व्हय? गुरांचं बी तिकीट?"

"माळ गायरान हाय," विठूअण्णा म्हणाले. त्यांचा आवाज आता वेगळा होता. "चारी अंगाला शेतं. हद्दीपलीकडं दुसऱ्याचं रान. गावाला भाईर बसायला ही एकच जागा हाय, पोरी. माळ गेला तर वार कुठं पाळायचा? आन वार न्हाय पाळला तर जत्रा कशी व्हायाची?"

मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. ठरवणारी मीच आहे, हे मात्र सांगायला जीभ रेटेना. सांगितलं असतं तर त्यांना धीर आला असता, पण निनाद ऐकेल याची मला खात्री नव्हती. आकडे त्याच्या बाजूनं होते.

जेवणानंतर माळ सुस्तावला. काकी पान लावायला बसली. तिनं बोचक्यातून चंची काढली, आणि चंचीबरोबर दोन फोन बाहेर आले. एक तिचा, काच तडकलेला. दुसरा जुना बटणांचा, फडक्यात गुंडाळलेला. मी तो ओळखला. त्याच्या पाठीवर आप्पांनी सायकलच्या ट्यूबचा रबर चढवला होता, पाडला तर फुटू नये म्हणून.

"हा चालू आहे?" मी विचारलं.

"हाय की. रोज राती उशापाशी लावतो चार्जिंगला. पैसं भराय लावतो दुकानदाराला."

"मग आज इकडे कशाला आणलास?"

काकीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी अगदीच अडाण्यासारखं काहीतरी विचारलंय. "आज गावात कुणीच ऱ्हायाचं न्हाय, अगं. मग त्यास्नी एकटं घरात कसं ठेवू?"

दूर कुणाच्या तरी झोळीतलं पोर रडत होतं आणि त्याची आई झोका देत होती. आप्पा गेल्यावर मी खूप रडले होते. आज पुन्हा तितकंच रडावंसं वाटलं आणि बरंही वाटलं. आमचा नियम मीच किती लोकांना शिकवला आहे. फोन बहुतेक रात्री जिथे झोपतो ते त्याचं घर. त्या नियमानं आप्पा अजून गावचे रहिवासी होते, दर रात्री आपल्या घरी झोपणारे, मंगळवारी गावाबरोबर माळावर येणारे. आणि मी, चांगली धडधाकट, हुग्गी खाऊन बसलेली, पाहुणी.

मी काकीला हे सांगितलं. तिला भलतीच गंमत वाटली. मग ती पानाला चुना लावता लावता थांबली.

"किती राती ऱ्हायलीस म्हंजे तुझं मशीन तुला गावची म्हणंल?"

"महिन्यातल्या निम्म्याहून जास्त."

"तेवढ्या तर माहेराला कुणीच ऱ्हात न्हाय गं." तिनं पान माझ्या हातावर ठेवलं. "आन कुणाची हाईस, हे इचारत न्हाय व्हय ते?"

"नाही विचारत."

"मग काय कामाचं," काकी म्हणाली आणि स्वतःसाठी दुसरं पान घेतलं.

थोड्या वेळानं तिनंच आप्पांचा फोन माझ्यापुढे केला. त्यावर कंपनीचे संदेश येत होते, इंग्रजीत, तिला कळत नव्हते. मी वाचले. फोनवरून कुणी बोलत नाही, तेव्हा हा नंबर लवकरच बंद करू, असं होतं. नुसते पैसे भरून भागत नाही, मी तिला समजावलं, मधूनमधून एखादा फोन लावायला हवा.

"कुणाला लावू? माझी समदी मानसं हितं माळावर बसल्याती."

"मला लाव," मी म्हटलं.

आप्पांचा नंबर माझ्या फोनमध्ये होताच. तो काढून टाकायचा विचार मी कधी केला नव्हता.

दिवस कलला. पुजारी आधीच खाली उतरले होते, सूर्य मावळताच देवळाची घंटा ऐकू आली, पूजा झाल्याची. मग सगळा माळ उठला, साड्या सुटल्या, झोळ्या सुटल्या, बैल जुंपले गेले. मी काकीचं बोचकं डोक्यावर घ्यायचा हट्ट केला आणि मान अवघडून घेतली. जांभळीपाशी माझा फोन थरथरला, काकीचा थरथरला, बोचक्यातला आप्पांचाही टुणकन वाजला. कर्नाटकात आम्हा तिघांचंही स्वागत झालं. वेशीवरचे काटे बाजूला केले होते. घराघरातून नवा जाळ पेटला, धूर निघाला, कुत्री भुंकायला लागली, आणि गाव पुन्हा ओळखीचं झालं. त्या रात्री मी लॉजवर गेले नाही. काकीच्या शेजारी चटईवर झोपले.

पुणे

पुढच्या मंगळवारी दुपारी निनादच्या खोलीत बसले होते. मी माझं म्हणणं लिहून दिलं होतं. हे पर्यटक नाहीत, गावच आहे, टेकडीमुळे टॉवर बदलतो, त्या माळावरचे फोन खालच्या गावातच धरावेत. निनादनं सगळं नीट वाचलं. तो वाचतो, हे त्याचं चांगलं.

"पटतंय, मॅडम," तो म्हणाला. "पण तरी जागा छान आहे ना? गर्दी आत्ता नसेल, आपण आणू. क्लायंटला नवं काहीतरी हवंय. आणि लोकांनाही रोजगार मिळेल."

मी वार पाळण्याबद्दल पुन्हा सांगितलं. तो मान हलवत होता, पण त्याचा डोळा पडद्यावरच्या त्या लाल डागावर होता. माझी सगळी गोष्ट त्याला गोडच वाटत होती, आणि गोड गोष्टींनी याद्या बदलत नाहीत. मी हरत चालले होते. माझा आवाज चढला, तो मला खाली आणता येईना.

तेवढ्यात टेबलावर माझा फोन वाजला. पडद्यावर अक्षरं आली: आप्पा.

दोघांनीही ती वाचली. घाईघाईनं फोन उचलताना स्पीकरच सुरू झाला. खोलीत एकदम माळ शिरला. वारा, गुरांच्या घंटा, पोरांचा कालवा, कुणीतरी कुणालातरी भांडं मागत होतं. मग काकीचा आवाज, लांब हाक मारावी तसा, कारण फोनवर ती तशीच बोलते:

"अगं, माळावर हाय! जेवलीस व्हय?"

"जेवते आता, काकी."

"विठूअण्णा इचारत्यात, तिकीट काढायचं का न्हाय म्हणून! समदी बसल्याती हितं, ऐकाय लागल्याती!"

मी निनादकडे बघितलं. तो फोनकडे बघत होता. पडद्यावरचा लाल डाग त्याच्या पाठीमागे तसाच होता, आणि त्यातली माणसं आता त्याच्या टेबलावर गप्प बसून उत्तराची वाट बघत होती. मग तो हळूच म्हणाला, "आप्पा कोण? तुमचे वडील?"

"काका."

"तेही माळावरच आहेत?"

"हो."

"आणि ते पर्यटक नाहीत."

"नाहीत," मी म्हटलं. "ते गावचेच. बाहेर कुठे राहायला गेलेच नाहीत."

निनादनं खुर्ची फिरवली आणि यादीतून ती ओळ काढून टाकली. मग फोनकडे वाकून, शाळेतल्या मुलासारखं, म्हणाला, "नाही लागणार तिकीट, काकी."

तिकडे काय गलका झाला तो इथे लिहिता येणार नाही. आप्पा आता नाहीत, हे मी निनादला सांगितलं नाही. त्याच्या यंत्रालाही ते माहीत नाही. फोन कानाला लावून मी खोलीबाहेर आले, आणि काकी विचारत होती, आवाज येतोय न्हवं? येतोय न्हवं गं?

"येतोय," मी म्हटलं. "बोल तू, मी ऐकतो."